इम्युलेटरमधले सेव्ह नव्या कॉम्प्युटरवर कसे न्यावेत

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्यानंतर अनेक घरांत जुने लॅपटॉप बदलण्याचा विषय निघाला. फोटो, कागदपत्रं, कामाच्या फाइली लोक आठवणीने काढून घेतात. इम्युलेटर म्हणजे जुन्या गेम-यंत्रांचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. त्यातले सेव्ह, म्हणजे खेळात गाठलेल्या टप्प्याच्या फाइली, मात्र हमखास मागे राहतात, कारण ते नेमके कुठे असतात हेच बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं. पोकेमॉन एमरल्डचा शंभर-दीडशे तासांचा खेळ १२८ केबीच्या एका फाइलमध्ये मावतो. व्हॉट्सॲपवर आलेला फोटोही बऱ्याचदा त्याहून मोठा असतो. इम्युलेटर पुन्हा उतरवता येतो, स्वतःच्या डिस्कवरून गेमही पुन्हा काढता येतो. ती एक फाइल मात्र दुसरीकडे कुठेही नसते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर प्रत्येक गेममध्ये जाऊन गेमच्या स्वतःच्या मेनूमधून सेव्ह करा आणि तोच सेव्ह न्या. सेव्ह स्टेटवर, म्हणजे इम्युलेटरच्या बटणाने त्या क्षणाची घेतलेली नोंद तिच्यावर, विसंबू नका. वाचायला एवढाच वेळ असेल, तर एवढं केलंत तरी बहुतेक नुकसान टळेल.

फाइलींची आणि फोल्डरची नावं स्क्रीनवर रोमन अक्षरांत दिसतील. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

सेव्ह वेगळा, स्टेट वेगळी

गेमच्या आतून केलेला सेव्ह म्हणजे मूळ यंत्रात जो डेटा कार्ट्रिजमध्ये किंवा मेमरी कार्डात राहायचा, तोच. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेल्या झेल्डा या गेमच्या सोनेरी कार्ट्रिजमध्ये एक छोटी बॅटरी होती. यंत्र बंद झालं तरी तिच्या जोरावर मेमरी जिवंत राहायची. पहिल्या प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड १२८ केबीचं, खेळाडूला वापरता येणारे १५ ब्लॉक. प्लेस्टेशन २ चं कार्ड ८ एमबीचं. इम्युलेटर हेच कार्ड किंवा तीच मेमरी फाइलच्या रूपात डिस्कवर ठेवतो. तिची मांडणी मूळ यंत्राने ठरवलेली असल्यामुळे इम्युलेटरची आवृत्ती बदलली, कधीकधी इम्युलेटरच बदलला, तरी ती वाचता येते.

सेव्ह स्टेटचं तसं नाही. एफ-२ सारखं बटण दाबल्यावर इम्युलेटर त्या क्षणाची स्वतःची सगळी अंतर्गत स्थिती डिस्कवर उतरवतो: प्रोसेसरचे रजिस्टर, मेमरी, ग्राफिक्स, आवाज, सगळं. ही मांडणी त्या इम्युलेटरच्या त्या आवृत्तीची खासगी मांडणी असते. प्रोग्रामरांनी आतला एखादा भाग सुधारला की जुनी स्टेट उघडेलच याची खात्री राहत नाही. प्लेस्टेशन २ च्या पीसीएसएक्स२ या इम्युलेटरची १.६ आवृत्ती २०२० मध्ये आली आणि २.० आवृत्ती २०२४ मध्ये. निंटेंडोच्या गेमक्यूब आणि वी या यंत्रांच्या डॉल्फिन इम्युलेटरची ५.० आवृत्ती २०१६ ची, आणि त्यानंतरची क्रमांक दिलेली आवृत्ती थेट २०२४ ची. जुन्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं तीच आवृत्ती चालवणाऱ्याने नव्यावर ताजी आवृत्ती टाकली, तर त्याच्या स्टेट तिथे चालत नाहीत. मेमरी कार्ड मात्र चालतात.

म्हणून जिथे फक्त स्टेट आहे, तिथे जुन्याच कॉम्प्युटरवर ती उघडा, गेममध्ये सेव्ह करता येईल अशा ठिकाणापर्यंत खेळा आणि गेमच्या मेनूतून सेव्ह करा. काही गेममध्ये त्यासाठी पाऊण तास जाईल. तो जाऊ द्या.

अडचण येते ती सेव्हची सोयच नसलेल्या गेमची. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये जे खेळ असायचे, मारिओ काय, काँट्रा काय, त्यांत सेव्ह नव्हताच. तिथे स्टेट हाच एक मार्ग. अशा वेळी इम्युलेटरचा अख्खा जुना फोल्डर, त्याच आवृत्तीसकट, नव्या कॉम्प्युटरवर न्या आणि ताज्या आवृत्तीच्या शेजारी वेगळ्या नावाने ठेवा.

जुन्या कॉम्प्युटरवर करायची तयारी

गेममध्ये सेव्ह करा आणि मग गेम व्यवस्थित बंद करा. बंद करणं महत्त्वाचं आहे. रेट्रोआर्च (अनेक यंत्रांचे इम्युलेटर एकत्र चालवणारा प्रोग्राम) मूळ सेटिंगमध्ये सेव्हची फाइल गेम बंद करताना डिस्कवर लिहितो. गेम चालू असतानाच फाइल कॉपी केलीत तर मागच्या वेळचा सेव्ह हाती येईल. सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये ठरावीक सेकंदांनी आपोआप लिहिण्याची सोय आहे, ती मुद्दाम चालू करावी लागते. लॅपटॉपचं झाकण आपटून बंद करायची सवय असेल, तर निदान या दिवशी ती बाजूला ठेवा.

मग प्रत्येक इम्युलेटरच्या हेल्प किंवा अबाउटमध्ये जाऊन आवृत्तीचा क्रमांक लिहून घ्या. रेट्रोआर्चमध्ये कोणता गेम कोणत्या कोअरवर (त्याच्या आतल्या इम्युलेटरवर) खेळत होता तेही लिहा. पुढे सेव्ह दिसला नाही की पहिला प्रश्न हाच येतो.

आता फाइल शोधायची. कोणत्याही इम्युलेटरला लागू पडणारी एक युक्ती आहे आणि माझ्या मते पाठ केलेल्या पत्त्यांपेक्षा तीच जास्त भरवशाची: गेममध्ये नुकताच सेव्ह केला आहे, तेव्हा डिस्कवर कुठेतरी एक फाइल आत्ताच बदललेली असणार. संशयित फोल्डर उघडा, बदलाच्या तारखेनुसार क्रम लावा आणि सगळ्यात वरची फाइल बघा. तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत जुळली, तर तीच तुमची फाइल. हे करण्याआधी विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमधून फाइलींचे एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं शेपूट) आणि लपवलेले फोल्डर दिसतील असं करून घ्या. एक्स्टेन्शन दिसत नसतील, तर सेव्ह, स्टेट आणि तिचा छोटा फोटो ही तिन्ही एकाच नावाची दिसतात आणि भलतंच उचललं जातं.

कोणाचे सेव्ह कुठे असतात

रेट्रोआर्च. विंडोजवर बहुधा रेट्रोआर्चच्याच फोल्डरमध्ये ‘सेव्ह्ज’ आणि ‘स्टेट्स’ असे दोन फोल्डर असतात. लिनक्सवर होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरच्या आत. नक्की कुठे, ते सेटिंग्जमध्ये डिरेक्टरीखाली लिहिलेलं असतं. तिथला पत्ता वाचून घेणं सगळ्यात सोपं. सेव्हला ‘.एसआरएम’ हे शेपूट असतं आणि स्टेटला ‘.स्टेट’, ‘.स्टेट१’ अशी. सेव्हचं नाव गेमच्या फाइलच्या नावावरून पडतं. नव्या कॉम्प्युटरवर गेमच्या फाइलचं नाव एका कंसाने किंवा एका मोकळ्या जागेने जरी बदललं, तरी रेट्रोआर्चला सेव्ह सापडत नाही आणि गेम पहिल्यापासून सुरू होतो. सेव्ह हरवलेला नसतो, फक्त नाव जुळत नसतं. शिवाय कोअरच्या नावाने वेगळे फोल्डर करण्याचं एक सेटिंग आहे. ते जुन्यावर चालू आणि नव्यावर बंद असेल, तर दोन्हीकडचे पत्ते वेगळे होतात. सगळे सेव्ह फोल्डरांसकट न्या आणि सेटिंगही जुन्यासारखंच ठेवा.

एमजीबीए. गेम बॉय ॲडव्हान्ससाठी. सेव्ह मूळ सेटिंगमध्ये गेमच्या फाइलशेजारीच, त्याच नावाने, ‘.एसएव्ही’ शेपटीसह. रेट्रोआर्चमधल्या एमजीबीए कोअरचा ‘.एसआरएम’ बहुतेक वेळा शेपूट बदलून इथे चालतो, आणि इथला तिथे.

डकस्टेशन. पहिल्या प्लेस्टेशनसाठी. इथे मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक गेमला वेगळं मेमरी कार्ड मिळतं, ‘मेमकार्ड्स’ फोल्डरमध्ये, ‘.एमसीडी’ शेपटीचं. आकार बरोबर १,३१,०७२ बाइट, म्हणजे मूळ कार्डाइतकाच. ईपीएसएक्सई या जुन्या प्लेस्टेशन इम्युलेटरच्या ‘.एमसीआर’ फाइलचा आकारही तेवढाच, कारण आतला डेटा तोच. डकस्टेशनच्या मेमरी कार्ड एडिटरमधून जुन्या कार्डावरचा हवा तेवढा सेव्ह उचलता येतो, त्यामुळे ईपीएसएक्सईवरून येणाऱ्यांनी निर्धास्त असावं.

पीसीएसएक्स२. डॉक्युमेंट्समध्ये पीसीएसएक्स२ नावाचा फोल्डर, त्यात ‘मेमकार्ड्स’. मूळ कार्डांची नावं एमसीडी००१ आणि एमसीडी००२. इथे सगळ्या गेमचे सेव्ह एकाच कार्डात असतात हे विसरू नका. नव्या कॉम्प्युटरवर आधीच थोडं खेळला असाल आणि वरून जुनं कार्ड टाकलंत, तर नव्यावर खेळलेलं पुसलं जाईल. तसं असेल तर जुन्या कार्डाचं नाव बदला, तेही ‘मेमकार्ड्स’मध्ये ठेवा आणि सेटिंग्जमधून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. मग प्लेस्टेशन २ च्या बायोसमधल्या (यंत्राच्या स्वतःच्या मूळ प्रोग्राममधल्या) ब्राउझरमधून एका कार्डावरून दुसऱ्यावर कॉपी करता येतं, अगदी मूळ यंत्रावर करायचो तसं.

पीपीएसएसपीपी. पीएसपीसाठी. इथलं काम सगळ्यात सुटसुटीत. फाइल मेनूतून मेमरी स्टिक उघडा, आत पीएसपी नावाचा फोल्डर, त्यात ‘सेव्हडेटा’. प्रत्येक सेव्हचा स्वतंत्र फोल्डर असतो आणि त्याच्या नावाची सुरुवात गेमच्या कोडने होते. अख्खा ‘सेव्हडेटा’ उचला. हाच फोल्डर ॲंड्रॉइड फोनवरच्या पीपीएसएसपीपीलाही चालतो.

डॉल्फिन. जुन्या वापरकर्त्यांचं बिऱ्हाड डॉक्युमेंट्समधल्या ‘डॉल्फिन इम्युलेटर’ फोल्डरमध्ये, नव्यांचं ॲपडेटाच्या आतल्या रोमिंगमध्ये. नव्या आवृत्त्यांत फाइल मेनूतूनच यूजर फोल्डर उघडता येतो. गेमक्यूबचे सेव्ह ‘जीसी’ फोल्डरमध्ये दोन प्रकारांनी असतात: एकतर ‘.रॉ’ शेपटीचं अखंड कार्ड, नाहीतर प्रत्येक सेव्हची सुटी ‘.जीसीआय’ फाइल. नव्यावर स्लॉट एचं सेटिंग जुन्यासारखंच ठेवलं नाही, तर फाइली जागेवर असूनही गेमला कार्ड रिकामं दिसेल. वीचे सेव्ह ‘वी’ फोल्डरमध्ये खोल असतात. गेमच्या यादीत राइट क्लिक करून सेव्ह एक्सपोर्ट करणं आणि नव्यावर टूल्समधून इम्पोर्ट करणं जास्त सोपं जातं.

निंटेंडो ६४ बद्दल थोडा इशारा. रेट्रोआर्चमधला मुपेन कोअर वेगवेगळ्या प्रकारचे सेव्ह एकाच ‘.एसआरएम’मध्ये एकत्र ठेवतो, आणि प्रोजेक्ट६४ हा वेगळा इम्युलेटर ते सुटे ठेवतो. तिथे नुसतं शेपूट बदलून भागत नाही. इम्युलेटर तोच ठेवा.

शोधूनही सापडत नाही तेव्हा

दोन जागा लोकांना सुचत नाहीत.

पहिली, ‘व्हर्च्युअलस्टोअर’. जुने इम्युलेटर प्रोग्राम फाइल्समध्ये टाकले असतील, तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोज त्यांना तिथे लिहू देत नाहीत. प्रोग्रामला मात्र लिहिलं गेल्यासारखं भासवतात आणि फाइल गुपचूप तुमच्या ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरच्या आत ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये ठेवतात. इम्युलेटरमध्ये सेव्ह दिसतो, पण इम्युलेटरच्या फोल्डरमध्ये काहीच नाही, असं झालं की आधी इथे बघा.

दुसरी, वनड्राइव्ह. नव्या विंडोज ११ च्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डॉक्युमेंट्स फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हच्या आत सरकलेला असतो. मग यूजरच्या फोल्डरमधलं डॉक्युमेंट्स एक आणि वनड्राइव्हमधलं दुसरं. तुम्ही सेव्ह एकात टाकता आणि इम्युलेटर दुसऱ्यात बघत बसतो. इम्युलेटरच्या सेटिंगमधला पूर्ण पत्ता वाचा, तो खरा.

मॅकवर लायब्ररी फोल्डर लपलेला असतो. फाइंडरच्या गो मेनूत ऑप्शनचं बटण धरून ठेवलं की तो यादीत येतो.

नेणं

कट करू नका, कॉपी करा. सेव्हचे फोल्डर एकत्र करून त्यांची एक झिप बनवा, नावात तारीख घाला. ती पेनड्राइव्हवर ठेवा आणि शिवाय गूगल ड्राइव्हवर किंवा स्वतःच्याच मेलवर पाठवा. सगळ्या कार्डांची मिळून झिप सहसा काही एमबींच्या पुढे जात नाही, त्यामुळे दोन ठिकाणी ठेवायला काहीच पडत नाही. पेनड्राइव्ह सेफली रिमूव्ह करूनच काढा.

नव्या कॉम्प्युटरवरचा क्रम असा ठेवा:

१. इम्युलेटर बसवा, एकदा उघडा. बायोस लागत असेल तर स्वतःच्या यंत्रातून काढलेला लावा. कंट्रोलर लावून घ्या.

२. गेम सुरू करा आणि अगदी सुरुवातीलाच एक कच्चा सेव्ह करा. सेव्ह नक्की कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने पडतो हे याने डोळ्यांना दिसतं. अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

३. इम्युलेटर पूर्ण बंद करा. तो चालू असताना फाइल बदललीत, तर बंद होताना तो स्वतःच्या मेमरीतला कच्चा सेव्ह तुमच्या खऱ्या सेव्हवर लिहून टाकेल.

४. कच्च्या सेव्हच्या जागी जुनी फाइल ठेवा, नाव अक्षरशः तेच देऊन. लिनक्सवर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरंही वेगळी धरली जातात. पीपीएसएसपीपीत कच्चा फोल्डर आधी पुसा, म्हणजे जुन्या-नव्या फाइलींची सरमिसळ होणार नाही.

५. गेम उघडा आणि गेमच्याच कंटिन्यूमधून आत जा.

एफ-४ दाबण्याआधी

या पाचव्या पायरीवर चांगले चांगले खेळाडू फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. रेट्रोआर्चमध्ये एफ-४ ने निवडलेल्या क्रमांकाची स्टेट उघडते. समजा एमरल्डमध्ये तुमची एक जुनी स्टेट मॉव्हिलच्या जिमच्या दारातली आहे, तिसऱ्या बॅजच्या (जिम जिंकल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्याच्या) आधीची. आणि गेमच्या आतला सेव्ह आठव्या बॅजनंतरचा. नव्या मशीनवर दोन्ही आणले. सवयीने एफ-४ दाबलंत. त्या स्टेटच्या पोटात त्या दिवशीची सेव्ह मेमरीही होती, तीही परत आली. तुम्ही काही न करता गेम बंद केलात, आणि बंद होताना रेट्रोआर्चने ती जुनी मेमरी ‘.एसआरएम’मध्ये लिहिली. आठवा बॅज गेला.

त्यामुळे पहिल्या दिवशी स्टेटचा फोल्डर नेऊच नका. आपोआप स्टेट उघडण्याचं सेटिंग बंद आहे ना, ते बघा. रेट्रोआर्चच्या सेव्हिंगमध्ये स्टेट उघडताना सेव्ह मेमरीला हात न लावण्याचं एक सेटिंग आहे, तेही तात्पुरतं चालू करा. सगळे गेम कंटिन्यूमधून उघडून पाहिले, पुन्हा सेव्ह करून बंद-चालू करून पाहिले, की मग स्टेट आणायच्या तर आणा.

तरीही सेव्ह दिसत नसेल

गेमचा प्रदेश तपासा. ग्रँड थेफ्ट ऑटो लिबर्टी सिटी स्टोरीजचा अमेरिकन कोड यूएलयूएस१००४१ आणि युरोपीय यूएलईएस००१५१. खेळ तोच, पण एकाला दुसऱ्याचा सेव्ह दिसत नाही. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या पीएसपी आणि प्लेस्टेशन २ च्या डिस्क मुख्यतः युरोपीय कोडच्या असायच्या. जुन्या लॅपटॉपवर आपल्या डिस्कवरून खेळलेला गेम आणि नव्यावर मित्राच्या अमेरिकन डिस्कवरून काढलेला गेम, यांची कार्डं एकमेकांना ओळखणार नाहीत. पीसीएसएक्स२ च्या कार्डातही सेव्हच्या नावातच हा कोड असतो.

फाइलचा आकार बघा. व्हिज्युअलबॉय ॲडव्हान्स या जुन्या इम्युलेटरवर पोकेमॉन फायररेड किंवा एमरल्ड उघडताना ‘१एम सब-सर्किट बोर्ड’ बसवलेला नाही असा इंग्रजी संदेश आला, तर घाबरू नका. नव्या मशीनवर सेटिंग मूळ पदावर गेलं आणि इम्युलेटर कार्ट्रिजमधली सेव्हची मेमरी (फ्लॅश) १२८ केबीऐवजी ६४ केबीची समजतोय, एवढाच त्याचा अर्थ. पण तशाच अवस्थेत सेव्ह करू नका. ऑप्शन्समध्ये फ्लॅशचा आकार १२८ केबी करा, आणि झिपमधून मूळ फाइल पुन्हा काढून ठेवा. एमजीबीए हे बहुतेक गेमच्या बाबतीत आपणच ओळखतो. जमलं तर तिकडेच वळा.

गेम सेव्ह करतो असं म्हणतो पण पुढच्या वेळी काहीच नसतं, असं होत असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीची खूण आहे का पाहा. विंडोज सिक्युरिटीमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस कुणी चालू केलेलं असेल, तर डॉक्युमेंट्समध्ये लिहायला अनोळखी प्रोग्रामला मनाई असते. इम्युलेटरला तिथे परवानगी द्या.

पुढच्या वेळेसाठी

डॉल्फिन, डकस्टेशन आणि पीसीएसएक्स२ च्या मुख्य प्रोग्रामशेजारी ‘पोर्टेबल’ नावाची रिकामी टेक्स्ट फाइल ठेवली, की ते आपलं सगळं सामान स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवू लागतात. (जुना पीसीएसएक्स२ यासाठी ‘.आयएनआय’ शेपटीची फाइल मागतो.) नवीन मशीनवर पहिल्याच दिवशी हे करा आणि सगळे इम्युलेटर एका फोल्डरखाली, प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर ठेवा. पुढच्या वेळी शोधाशोध नाही. तो एक फोल्डर उचलायचा.

जुना कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर

मदरबोर्ड किंवा स्क्रीन गेली म्हणजे डिस्क गेली असं नाही. लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये किंवा भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. सॅटा डिस्कला सॅटा-यूएसबी केबल आणि एम.२ एसएसडीला एन्क्लोजर लावलं, की ती नव्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखी उघडते. तिच्यावरच्या यूजर्स फोल्डरमध्ये जाताना परवानगी मागेल, ती द्या. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) कुलूपबंद असेल, तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. जुन्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खातं वापरत असाल तर ती बहुधा त्या खात्यातच सापडते. डिस्क खरखर किंवा टिकटिक आवाज करत असेल, तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. आधी छोटे सेव्ह फोल्डर काढा, मोठ्या फाइली नंतर. आणि नव्यावर प्रत्येक गेम एकदा कंटिन्यूने उघडेपर्यंत ती डिस्क फॉरमॅट करू नका.